खोकल्याची बाटली आणि निदानाचे अर्थशास्त्र

[कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर]



रोगाचे निदान ही डॉक्टर आणि रोगी या दोघांतच घडणारी गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आहे. रोगी लक्षणे सांगतो, डॉक्टर तपासतो, रोगाचे नाव ठरते आणि औषध सुरू होते. वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत निदानाचा प्रारंभ रोगी डॉक्टरसमोर बसल्यापासून होतो. परंतु तो तिथवर केव्हा पोहोचला, पोहोचण्यासाठी त्याने किती दिवसांचा रोज बुडवला, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला तपासणी सांगणे परवडणारे होते की नव्हते, हे प्रश्न पाठ्यपुस्तकात येत नाहीत. ते अर्थशास्त्राचे आणि राजकारणाचे प्रश्न आहेत. एखादा गरीब माणूस बरा होणाऱ्या रोगाने मरतो, तेव्हा बहुधा त्याचा निकाल याच प्रश्नांच्या उत्तरांत लागलेला असतो.

क्षयरोगाइतके याचे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख माणसे त्याने मेली. या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के एकट्या भारतातील होते. त्या एका वर्षात भारतात क्षयाने मेलेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक होती. हा रोग असाध्य असता तर या आकड्यांपुढे हळहळ व्यक्त करण्यापलीकडे काही करता आले नसते. परंतु साध्या क्षयावर सहा महिन्यांचा खात्रीचा उपचार उपलब्ध आहे आणि सरकारी दवाखान्यात तो विनामूल्य मिळतो. मग ही माणसे का मरतात?

यावर सुशिक्षित समाजाचे एक ठरलेले उत्तर आहे. लोक अडाणी आहेत, खोकल्याकडे दुर्लक्ष करतात, औषधे मध्येच सोडतात, असे ते उत्तर होय. ते साठ वर्षांपूर्वीच शास्त्रीय पुराव्याने खोडले गेले आहे. तरीही ते आज तितक्याच आत्मविश्वासाने उच्चारले जाते, हे आश्चर्य नव्हे काय?

मद्रासचा प्रयोग, तुमकूरचा धडा

रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर साठ वर्षे या जंतूवर परिणामकारक औषध नव्हते. उपचार म्हणजे सॅनिटोरियम, स्वच्छ हवा, विश्रांती व सकस आहार. अर्थात ज्याला ते परवडेल त्याच्यासाठी. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि १९५२ साली आयसोनियाझिड हे औषध हाती आले. आयसोनियाझिडची कथा अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. हे रसायन १९१२ सालीच प्रयोगशाळेत तयार झाले होते; फक्त त्याचा क्षयावरील गुण कोणाला ठाऊक नव्हता. तो चाळीस वर्षांनी तीन औषध कंपन्यांना जवळजवळ एकाच वेळी आढळला. रसायन जुनेच असल्यामुळे त्यावर कोणालाही मक्तेदारी सांगता आली नाही. म्हणून क्षयावरील एक अत्यंत प्रभावी औषध प्रारंभापासूनच अत्यंत स्वस्त राहिले.

औषध स्वस्त झाले, पण खाटा कोठून आणायच्या? स्वातंत्र्योत्तर भारतात क्षयरुग्ण लाखोंनी होते आणि सॅनिटोरियममधील खाटा काही हजार. या पेचातून वाट काढण्यासाठी १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. तेथील संशोधकांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये खाट, विश्रांती आणि चांगले अन्न मिळाले. दुसऱ्या गटातील रुग्ण आपापल्या दाटीवाटीच्या घरांत राहिले, निकृष्ट अन्न खात राहिले आणि त्यांनी औषधे मात्र तीच घेतली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगभरची समजूत बदलली. घरी उपचार घेतलेले रुग्ण जवळजवळ सॅनिटोरियममधील रुग्णांइतकेच बरे झाले होते. पुढील पाहणीत त्यांच्या घरातील माणसांनाही अधिक धोका पोहोचल्याचे दिसले नाही. गरिबाच्या झोपडीतही क्षय बरा होतो, ही गोष्ट भारताने जगाला दाखवून दिली.

१९५९ सालीच बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. खेड्यांतील रुग्ण शोधायचे कसे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. अडाणी खेडूत आपण होऊन दवाखान्यात येणार नाही, म्हणून क्ष-किरण यंत्रे असलेल्या गाड्या गावोगाव फिरवाव्यात, असा त्या काळी तज्ज्ञांचा कल होता. या गृहीताची परीक्षा डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात घेतली. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले होते अशा लोकांना त्यांनी साधे प्रश्न विचारले: तुम्हाला त्रास जाणवतो काय? त्याची चिंता वाटते काय? त्यासाठी तुम्ही काही केले काय? १९६३ साली प्रसिद्ध झालेले उत्तर तज्ज्ञांना अवघडवणारे होते. बहुतेक सर्वांना आपली लक्षणे ठाऊक होती, मोठ्या संख्येला चिंता होती आणि निम्म्याहून अधिक लोक उपचारासाठी कोठे ना कोठे जाऊन आले होते. त्यांतील अनेक तर सरकारी दवाखान्यातच गेले होते. तेथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. थुंकी न तपासता त्यांना परत पाठवण्यात आले होते.

या एका बाटलीत आपल्या आरोग्यव्यवस्थेचा सारा इतिहास भरलेला आहे. रोगी अडाणी नव्हता. तो चालत, बसने, दिवस मोडून निदानाच्या दारापर्यंत आला होता. दार त्याच्यासाठी उघडले नाही. या संशोधनाच्या आधारे १९६२ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची आखणी झाली. क्षयाचे काम वेगळ्या फिरत्या पथकांकडे न देता सर्वसाधारण आरोग्यकेंद्रांत मिसळावे, आणि जो दुखणे घेऊन स्वतः येतो त्याची थुंकी आधी तपासावी, हे तिचे सूत्र होते. या कामात सहभागी असलेले हाफडन महलर पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख झाले आणि १९७८ साली आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा निघाला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. सूत्र जगभर गेले. ते राबवण्यासाठी लागणारा पैसा, माणसे आणि सूक्ष्मदर्शके मात्र भारतातील आरोग्यकेंद्रांना पुरेशी मिळाली नाहीत.

निदानाचा बाजार

सरकारी दार अर्धवट उघडे राहिले, तेव्हा रोगी खासगी दवाखान्याकडे वळला. आज शहरी वस्तीत खोकला झालेला मजूर प्रथम गल्लीतल्या डॉक्टरकडेच जातो. दवाखाना जवळ असतो, संध्याकाळी कामावरून परतल्यावर उघडा असतो आणि तेथे रांगेत दिवस जात नाही. यात रोग्याचे काही चुकते असे म्हणता येणार नाही. परंतु तेथे त्याचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

१९९१ साली मुंबईतील झोपडपट्टी भागात व्यवसाय करणाऱ्या १०० खासगी डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. क्षयाच्या रुग्णाला कोणती औषधे, किती दिवस द्याल, या प्रश्नावर १०० डॉक्टरांनी ८० प्रकारची उत्तरे लिहिली. २०१४-१५ मध्ये मुंबई व पाटणा येथे याहून कठोर परीक्षा झाली. प्रशिक्षण दिलेल्या माणसांना क्षयरुग्णाची लक्षणे पाठ करवून खासगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे पाठवण्यात आले. समोरचा रोगी खरा नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. अशा अडीच हजारांहून अधिक भेटींपैकी केवळ ३५ टक्क्यांच्या सुमारास रोग्याला योग्य सल्ला मिळाला. तुमकूरनंतर अर्धशतक उलटले होते. बाटलीच्या जोडीला आता प्रतिजैविकाच्या गोळ्याही आल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

या गोळ्या निरुपद्रवी नसतात. फ्लुरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैविके क्षयाचा जंतू काही काळ दाबून टाकतात. ताप उतरतो, भूक लागते, रोग्याला बरे वाटते आणि थुंकीच्या तपासणीत जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. महिन्याभराने खोकला परततो. मधल्या काळात रोग फुफ्फुसात पसरलेला असतो आणि घरातील मुलाबाळांपर्यंतही पोहोचलेला असू शकतो. स्टेरॉइडच्या सुईचाही असाच फसवा परिणाम होतो.

डॉक्टर अशी औषधे का देतो? त्याच्या अज्ञानाकडे किंवा दुष्टपणाकडे बोट दाखवून भागणार नाही. थोडक्या पैशांत दोन दिवसांत आराम मिळावा, ही रोग्याची अपेक्षा असते. कारण तिसऱ्या दिवशी त्याला कामावर जायचे असते. थुंकीची तपासणी सांगितली तर रोगी दुसरीकडे जातो आणि बहुधा परत येत नाही. म्हणजे योग्य निदान करणाऱ्या डॉक्टरचे गिऱ्हाईक तुटते आणि लक्षण दाबणाऱ्याचे टिकते. जेथे उपजीविका गिऱ्हाइकावर अवलंबून असते, तेथे व्यक्तिगत सचोटीला मर्यादा पडतात. असे असूनही नेटाने योग्य तपासणी सांगणारे डॉक्टर आहेत, ही त्यांची थोरवी. परंतु कोट्यवधी लोकांचे आरोग्य थोरवीच्या भरवशावर सोडता येत नाही.

बाजाराचा दुसरा नमुना रक्ताच्या तपासण्यांचा. क्षयाची ‘रक्तावरून तपासणी’ म्हणून खासगी प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे जी प्रतिपिंडांची चाचणी विकली गेली, ती विश्वासार्ह नव्हती. निरोगी माणसाला ती क्षयी ठरवी आणि क्षयरुग्णाला निरोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली तिच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने तिची आयात, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. तोपर्यंत असंख्य गरिबांनी उसने पैसे काढून एक निरुपयोगी कागद विकत घेतला होता. थुंकीची साधी तपासणी त्याच वेळी सरकारी केंद्रात फुकट होत होती. परंतु थुंकीच्या तपासणीत कोणाला नफा नव्हता.

खाड्याचे गणित

येथे एक आक्षेप घेतला जाईल. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत, लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी कोठेही उपचार घेतले नव्हते असे आढळले आणि त्याचे प्रमुख कारण ‘लक्षणांकडे दुर्लक्ष’ असे नोंदले गेले. मग लोकच बेफिकीर आहेत, हे यावरून सिद्ध होत नाही काय?

‘दुर्लक्ष’ हा शब्द तक्त्यात भरायला सोपा आहे. त्याचा अर्थ मात्र कामावर जाऊन लावावा लागतो. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल दोघांच्या श्रमातून फेडायची असते. एकाने दिवस मोडला तर दोघांचे काम अडते आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. पहाटेच्या अंधारात फड गाठणाऱ्या बाईला खोकला झाला तर तिने किती वेळा खाडा करावा? तपासणीसाठी एक दिवस, अहवालासाठी दुसरा, औषधे आणण्यासाठी तिसरा. आणि जवळचे आरोग्यकेंद्र कोणत्या गावात आहे हे परमुलखात तिला ठाऊकही नसते. या बाईने खोकल्याकडे ‘दुर्लक्ष’ केले असे पाहणीत नोंदले जाईल. वास्तविक तिने हिशेब केलेला असतो आणि तो तिच्या परिस्थितीत बरोबर असतो. चूक तिच्या हिशेबात नाही. ज्या परिस्थितीत निदानापेक्षा खाडा महाग पडतो, त्या परिस्थितीत आहे.

दगडखाणीतील मजुराचे गणित आणखी क्रूर आहे. सिलिकाच्या धुळीने ज्याची फुफ्फुसे आधीच कठीण झालेली असतात, त्याला क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक असते. परंतु सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग. त्याचे निदान झाले की नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. दोन्ही रोगांची लक्षणे आणि क्ष-किरण चित्रेही पुष्कळदा एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे अनेक खाणमजुरांच्या कागदावर नुसता क्षय लिहिला जातो, धूळ अदृश्य होते आणि मालक सुटतो. निदानाचा एक शब्द बदलला की उत्तरदायित्व कसे बदलते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आर्थिक अडचणीला सामाजिक भीतीची जोड मिळते. लग्न ठरायच्या मुलीच्या खोकल्याचे नाव काढायचे नाही, सुनेला क्षय निघाला तर तिला माहेरी धाडायचे, हे प्रकार आजही संपलेले नाहीत. रोग लपवण्याची कारणे जोवर समाज निर्माण करतो, तोवर रोग लपवल्याचा दोष रोग्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

त्याच राष्ट्रीय पाहणीतील दुसरा एक निष्कर्ष अधिक चर्चेस पात्र आहे. छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते, कारण विचारलेल्या प्रश्नांतून त्यांच्यात लक्षणे आढळली नव्हती. तुमकूरचा धडा आल्या रोग्याला परत पाठवू नका असा होता. नव्या पाहणीचा धडा त्यात भर घालतो: जो अजून आलेला नाही, त्याच्याकडेही निदान गेले पाहिजे. दोन्ही धड्यांत विरोध नाही. दोन्हींचा भार शासनाने उचलायचा आहे, रोग्याने नव्हे.

साधने आहेत, पुरवठा नाही

विज्ञानाने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटर थुंकीत ते किमान पाच ते दहा हजार असावे लागतात. जंतूचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या नव्या यंत्रांना त्याहून कितीतरी कमी जंतू पुरतात. ती सुमारे दोन तासांत निर्णय देतात आणि रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही हेही सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा पहिल्या चाचणीला २०१० साली मान्यता दिली. गोव्यातील एका उद्योगाने विकसित केलेले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र २०२० साली त्याच मान्यतेस पात्र ठरले. खेड्यातील प्राथमिक आरोग्यकेंद्रात, वीज जात-येत असतानाही चालेल असे हे साधन आपल्याच देशात तयार होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु यंत्र असून त्याच्या चिप संपलेल्या, चिप असून तंत्रज्ञाची जागा रिकामी, असे असेल तर त्या यंत्राचा उपयोग उद्‌घाटनाच्या छायाचित्रापुरताच राहतो. लहान मुलांना खोकून बेडका काढता येत नाही. त्यांच्या पोटातील द्रव काढून तपासावा लागतो. त्यासाठी कुशल हात लागतात, आणि कुशल हात कंत्राटी पगारावर टिकत नाहीत.

उपचाराची स्थिती निराळी नाही. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे, रोज, न चुकता घ्यायची असतात. पित्त उसळते, लघवी लाल-नारिंगी होते, क्वचित कावीळ होते. दीड-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि नेमके तेव्हाच औषध सोडण्याचा मोह होतो. त्या वेळी रोग्याला धीर देणारे, त्रास ऐकून घेणारे माणूस हवे असते. औषध सोडल्याने जंतू औषधाला जुमानेनासा होतो, हे खरे. म्हणून रोग्याला उपदेश करण्यात येतो. मग मार्च २०२४ च्या सुमारास अनेक राज्यांत, महाराष्ट्रातही, सरकारी औषधांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना तात्पुरती स्थानिक खरेदी करण्यास सांगितले, तेव्हा औषध कोणी सोडले होते? रोग्याने की सरकारने?

औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाचा इतिहास आयसोनियाझिडच्या अगदी उलट आहे. ते २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झाले आणि त्यावर जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीचे पेटंट होते. मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपणार होती. औषधाच्या क्षारासाठी वेगळे पेटंट घेऊन ही मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबवण्याचा कंपनीचा प्रयत्न होता. त्याला क्षयातून वाचलेल्या दोन तरुणींनी, एक भारतातील आणि एक दक्षिण आफ्रिकेतील, आव्हान दिले. जुन्या विषारी इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त उत्पादनाचा मार्ग मोकळा झाला. भारतीय पेटंट कायद्यात २००५ साली जे कलम संसदेत आग्रहाने घातले गेले, त्याचे हे फळ होते. कायद्यातील एका कलमासाठी झालेला राजकीय संघर्ष अठरा वर्षांनी रोग्याच्या फुफ्फुसापर्यंत पोहोचतो, तो असा.

अन्न हेच औषध

इंग्लंडमध्ये क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घटत गेले आणि घटीचा मोठा भाग स्ट्रेप्टोमायसिन येण्याआधीच घडून आला, हे थॉमस मक्यून यांनी दाखवले. अन्नमान सुधारणे हे त्याचे मुख्य कारण, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर पुष्कळ वाद झाला. घरे, सांडपाणी, रोग्यांचे विलगीकरण यांचा वाटा किती, हा प्रश्न विद्वानांनी उपस्थित केला. परंतु भुकेचा आणि क्षयाचा संबंध आता भारतातील प्रत्यक्ष प्रयोगानेच सिद्ध झाला आहे.

झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्णांच्या घरांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांना शिधा देण्यात आला. निम्म्या घरांत रुग्णाबरोबर कुटुंबातील इतर माणसांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे इतर माणसांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले आणि फुफ्फुसाच्या क्षयाचे जवळजवळ निम्म्यावर आले. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी होते. मद्रासच्या प्रयोगाशी याचा विरोध नाही. औषध मिळाले तर निकृष्ट अन्नावरही रोगी बरा होऊ शकतो, हे मद्रासने सांगितले. अन्न मिळाले तर मुळात रोगी होणाऱ्यांची संख्याच घटते, हे झारखंडने सांगितले. तांदूळ आणि डाळ! यात कोणतेही गूढ शास्त्र नाही. गावातल्या स्वस्त धान्याच्या दुकानातून हा शिधा वाटता येतो.

सरकारने एप्रिल २०१८ पासून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला दरमहा ५०० रुपये पोषणासाठी देण्यास आरंभ केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये केली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु १,००० रुपये म्हणजे दिवसाला ३३ रुपये. आणि ज्याचा रोज बुडाला त्याच्या घरात ते एकट्या रुग्णाच्या ताटात पडत नाहीत, सर्वांच्या ताटांत वाटले जातात. शिवाय रक्कम उशिरा आली तर सावकाराचे व्याज आधी आलेले असते. आजारपणात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम गेली तर त्या खर्चाला जागतिक आरोग्य संघटना सर्वनाशक म्हणते. तपासणी व औषध फुकट असूनही अनेक क्षयग्रस्त कुटुंबे या रेषेपलीकडे ढकलली जातात, ती बुडालेल्या मजुरीमुळे आणि निदानापूर्वीच्या भटकंतीमुळे. ‘मोफत उपचार’ या शब्दांत हा खर्च कोठेच दिसत नाही.

पुढे काय?

२०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत क्षयाचे नवे रुग्ण ८० टक्क्यांनी कमी करू, असे भारत सरकारने जाहीर केले होते. २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येस २३७ असलेले प्रमाण २०२३ मध्ये १९५ वर आले. म्हणजे आठ वर्षांत घट १८ टक्क्यांच्या आसपास. ही घट जगाच्या सरासरीहून अधिक आहे, तिच्यामागे हजारो आशा सेविकांचे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे अल्प मोबदल्यातले कष्ट आहेत, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु ८० आणि १८ यांतील अंतर घोषणांनी भरून निघत नाही. ते ज्यांनी भरावयाचे, त्या व्यवस्थेकडे हिशेब मागावा लागतो.

हा हिशेब मागणे कार्यकर्त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. आपल्या भागातील आरोग्यकेंद्रात पुढील प्रश्न विचारता येतात. खोकल्याच्या किती रुग्णांची थुंकी या महिन्यात तपासली गेली? नमुना गावातून यंत्रापर्यंत कोण पोहोचवतो आणि अहवाल किती दिवसांत येतो? पुढील दोन महिने पुरेल इतका औषधसाठा आहे काय? पोषणाची रक्कम कोणाची, किती महिन्यांची थकली आहे? रुग्ण सापडलेल्या घरातील सर्व माणसांची, विशेषतः मुलांची, तपासणी झाली काय? हे प्रश्न ग्रामसभेत आणि वॉर्डात मांडावेत. साखर कारखान्याच्या तळावर हंगामाच्या आरंभी तपासणी पथक यावे, तपासणीचा दिवस खाडा धरला जाऊ नये आणि उपचार सुरू असलेल्या कामगाराचे औषध त्याच्याबरोबर गावोगाव जावे, ही मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रात मजुरीच्या दराइतक्याच ठळकपणे यायला हवी. खाणमजुराच्या कागदावर क्षय लिहिला असेल तर धुळीची चौकशी झाली काय, हेही विचारावे. रुग्णाच्या कुटुंबाला रोख रकमेबरोबर शिधा मिळावा, ही मागणी झारखंडच्या पुराव्यानिशी करता येते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारे वजन, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर त्या माणसाला उपदेश न करता त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत जाणे, हे काम तर कोणत्याही मागणीची वाट न पाहता उद्यापासून सुरू होऊ शकते. त्याचा दिवस बुडणार असेल तर नमुन्याची डबी त्याच्या घरी नेणे आणि सकाळी परत पोहोचवणे, हेही करता येते.

तुमकूरच्या रोग्याला साठ वर्षांपूर्वी बाटली देऊन परत पाठवण्यात आले. त्याचा दोष त्याच्या अडाणीपणावर ठेवता येत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. आज निदानाचे यंत्र आहे, औषध आहे, अन्नाने रोग टळतो याचा पुरावा आहे आणि सरकारी गोदामांत धान्यही आहे. यानंतरही बाटलीच हाती पडणार असेल, तर ती देणाऱ्या व्यवस्थेचे नाव स्पष्टपणे घेणे आणि ती बदलण्यासाठी संघटित होणे, एवढेच शिल्लक राहते.